बावीस आणि शून्य

सन पंचावन्नच्या पौषात क्षयाची लस टोचणारं सरकारी पथक किन्हीराजाला आलं, तेव्हा जगदेवचं लग्न जमल्यात जमा होतं. मुलगी मेडशीची, पुंजाजींची पंचफुला. पाहणी दिवाळीनंतर झाली होती, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, माघातल्या पंचमीला ठरला होता आणि जगदेवची आई सोजरबाई हिने गहू निवडायला घेतले होते. मग पथक आलं आणि सगळ्याचा विचका झाला. पथकाचा त्यात काही दोष नव्हता.

पथकाची रीत अशी होती. पहिल्या दिवशी डाव्या हातावर, कोपराखाली, कातडीत एक बारीक सुई टोचायची. तीन दिवसांनी परत येऊन तो हात पाहायचा. हात सपाट असेल तर लस द्यायची. तिथे गाठ उठली असेल तर ती पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची, वहीत आकडा लिहायचा आणि त्या माणसाला लस न देता घरी पाठवायचं. क्षयाचा जंतू त्याच्या अंगात कधीतरी शिरून गेलेला असतो, आता लस देऊन उपयोग नसतो. अशातले बहुतेक लोक त्या जंतूला पुरून उरतात, थोडे पुढे आजारी पडतात. एवढं समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. किन्हीराजात पथकाच्या साहेबांकडे पाच मिनिटं नव्हती. जीपचं एक चाक बसलं होतं आणि दिवस बुडायच्या आत त्यांना मालेगाव गाठायचं होतं.

जगदेव वीस वर्षांचा. त्याच्या हातावर पुरीसारखी लाल, फुगीर गाठ उठली. साहेबांनी पट्टी लावली, "बावीस" म्हणून आकडा सांगितला आणि पुढे म्हणाले, "याला लसीची गरज नाही. चला, पुढचा."

तेवढ्यावर गावाने आपला निकाल लावला. ज्याला सरकारच म्हणतं की तुला औषध नको, तो गडी केवढा दणकट असेल. सुई आत शिरली, अंगाने तिला धक्का देऊन बाहेर लोटलं, त्या झटापटीची ती गाठ. ज्यांचे हात सपाट राहिले ते कच्चे निघाले, म्हणून त्यांना लस देऊन पक्कं करायचं. दुपारपर्यंत पारावर सगळ्यांचे आकडे तोंडपाठ झाले. जगदेव बावीस, तेल्याचा पोरगा सतरा, पाटलाचा धाकटा बारा. पाटलाच्या थोरल्याचा हात सपाट निघाला, तेव्हा त्याने गुपचूप बिब्बा उगाळून लावला. बिब्ब्याने आपलं काम चोख केलं. हात खांद्यापर्यंत सुजला, आठ दिवस तो गळ्यात बांधून फिरला, आणि तरी त्याचा आकडा कुणी मानला नाही.

"बाविस," सोजरबाई विहिरीवर सांगायची. "साहेब म्हने, बाई, असा हात म्या पुऱ्या तालुक्यात पाह्यला नाई."

साहेब असं काही म्हणाले नव्हते. सोजरबाईने मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या आणि पोराला आठ दिवस पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावला, नजर लागू नये म्हणून.

मेडशीत त्याच आठवड्यात बरोबर उलटं घडलं. तिथल्या शाळेचे हेडमास्तर वाचणारे होते. त्यांनी पथक यायच्या आधी लोकांना शाळेत बसवलं, फळ्यावर दोन फुप्फुसं काढली आणि तासभर बोलले. "ज्याचा हात उठेल, त्याच्या देहात क्षयाच्या जंतूंनी प्रवेश केलेला आहे असे समजावे," असं ते म्हणाले. त्यांच्या पुढच्या वाक्याची सुरुवात 'परंतु'ने होती. ते वाक्य कुणी ऐकलं नाही, कारण तोवर लोक एकमेकांपासून सरकून बसायला लागले होते.

मेडशीत चार जणांचे हात उठले. त्या चौघांनी विहिरीवर सगळ्यांच्या शेवटी पाणी भरायचं असं न ठरवताच ठरलं. पंचफुलाचा हात मात्र घासलेल्या ताटासारखा सपाट राहिला. तिची आत्या चतुराबाई ही पुंजाजींची थोरली विधवा बहीण; घरात सगळं तिच्याच हाताखाली चालायचं, कारण पंचफुलाची आई ती लहान असतानाच गेली होती. चतुराबाईने पोरीला दंडाला धरून चार घरी नेलं आणि तो कोरा हात दाखवून आणला.

थोडक्यात, दोन्ही गावांनी अर्धं अर्धं ऐकलं होतं आणि दोघांच्या वाट्याला वेगवेगळी अर्धी आली होती. हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. पण पौष सरता सरता मेडशीची मंडळी घर पाहायला किन्हीराजाला आली.

पुंजाजी आले, चतुराबाई आली आणि पंचफुलाचा थोरला भाऊ इंद्रभान आला. इंद्रभान एकवीस वर्षांचा, तालमीतला, छाती पुढे काढून बसणारा. ओसरीवर घोंगडं अंथरलं होतं. आत पुरणाच्या पोळ्या चालल्या होत्या. पाणी झालं, सुपारी झाली, आणि सोजरबाईला राहवेना. तिने स्वतःच जगदेवची बाही वर केली.

"पाहा इवाई. आता उतरली हाय. चार रोज पयले पाह्यलं असतं त पुरीच होती."

पुंजाजींनी हात पाहिला आणि आपला हात मांडीवर घेतला. "उठला होता?"

"बाविस. गावात सतराच्या वर दुसऱ्या कोनाचा गेला नाई. सरकारनं सांगतलं, याले दवाई नोको."

"नोको, का आता उपेग नाई?" चतुराबाईने विचारलं.

"नोको म्हंजे नोको. तुमच्या पोरीचं किती आलं?"

"शून्य," चतुराबाई मान ताठ करून म्हणाली.

सोजरबाईच्या हातातला पंखा थांबला. "शून्य?"

"साफ शून्य. हात फिरवला त लोनी."

सोजरबाईच्या तोंडावर दया आली. तिने पंख्याने एक काल्पनिक माशी हाकलली. "असू द्या. खाऊ-पिऊ घातलं म्हंजे सुधरन."

"कोन सुधरन?"

"पोरगी."

दोघी बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. दोघींनाही समोरचीची कीव येत होती आणि दोघींनाही ती का येते आहे हे समोरचीला कळू द्यायचं नव्हतं. मग चतुराबाईने पदर नाकाला लावला. इंद्रभान उठून अंगणात जाऊन उभा राहिला. पुंजाजी म्हणाले, "आमाले मोटारीची येळ झाली." मोटार दुपारी तीनला होती. सकाळचे साडेदहा वाजले होते.

पोळ्या तशाच राहिल्या. सोयऱ्याने पान वाढून न घेता उठून जाणं म्हणजे काय, हे जगदेवला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चार दिवसांनी बैलबाजारातून परतणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप आला. "टीबीच्या घरात पोरगी देत नाई." सोजरबाईने त्याच माणसाला चहा पाजून उलट निरोप दिला. "शून्याची पोरगी मांगते कोन." दोन्ही घरांनी आपण थोडक्यात वाचलो म्हणून देवापुढे नारळ फोडला. पंचाईत झाली ती एकट्या जगदेवची. त्याला पंचफुला हवी होती.

कारण सांगण्यासारखं नव्हतं. पाहणीच्या दिवशी तिने सरबताचा पेला दिला होता. समोर आठ माणसं, त्यातला इंद्रभान डोळे वटारून बसलेला. जगदेवने पेला तोंडाला लावला तो काढलाच नाही. सरबत संपलं तरी तो पीत होता. पंचफुला तबक घेऊन वाकली आणि त्याच्यापुरतं म्हणाली, "रिकामा हाय. द्या इकडं." ती हसली नाही. हसली असती तर तो परत त्या गावाच्या वाटेला गेला नसता. तिने पेला घेतला आणि तो भरलेला असल्यासारखा जपून आत नेला.

"माय, मी अकोल्याले जातो," जगदेवने सांगितलं.

"कायले?"

"मोठ्या दवाखान्यात. छातीचा फोटो काढते म्हने तठी. डाक्तरचा कागद आनतो."

"बाविसवाल्याले कागद लागते?" सोजरबाई म्हणाली. "शून्यवाल्यानं आनावा."

तो गेला. मोठ्या दवाखान्यात दोन दिवस रांगेत बसला. तिसऱ्या दिवशी त्याला उघड्या अंगाने एका गार पत्र्याला छाती लावून उभं केलं, श्वास धरायला सांगितलं आणि सोडायला सांगायला ते विसरले. डॉक्टर वयस्क होते, घाईत होते, पण त्यांनी पाच मिनिटं दिली. फोटो उजेडावर धरून ते म्हणाले, "हे काळं दिसतं ते फुप्फुस. हवा भरलेली असते म्हणून काळं. काळं म्हणजे साफ. पांढरा डाग दिसला की घोटाळा. तुझ्यात डाग नाही."

"मंग हात काहून उठला?"

"जंतू आला होता, तुझ्या शरीराने त्याला कोंडून ठेवला. तुझ्या वयाच्या निम्म्या पोरांचं असंच असतं. आजार वेगळा. पुढे कधी खोकला धरला आणि पंधरा दिवसांत गेला नाही, तर ताबडतोब यायचं. हे विसरलास तर मात्र तुझी चूक."

जगदेवने ते पाठ केलं, फोटो मागून घेतला आणि उपरण्यात गुंडाळून थेट मेडशीला उतरला.

पुंजाजींच्या अंगणात अर्ध्या घटकेत पन्नास माणसं जमली. चतुराबाईने फोटो पदराच्या टोकाने धरून उन्हाकडे केला.

"अरे देवा," ती म्हणाली. "आत त नुसती हाडं हायत."

"मास कुठी गेलं?" कुणी तरी विचारलं.

"बरगड्या मोजून घ्या. एक, दोन, तीन. उपाशी बैलाच्याबी अशा दिसत नाई."

"आत्याबाई, सगळ्याइच्याच दिसतात," जगदेव म्हणाला. "ते मशीन मास गाळून टाकते."

"मास गाळून टाकते अन् पोरगं तसंच घरी धाडते? अन् हे काळं काय?"

"ते फुप्फुस. काळं म्हंजे साफ, डाक्तर म्हने."

अंगणात हशा झाला. एक म्हातारा म्हणाला, "बापू, काळं म्हंजे साफ, त माहा तवा कायले घासून राह्यली सून?" 

हेडमास्तर असते तर काही बोलले असते. ते वाशीमला पगार आणायला गेले होते. पुंजाजी नुसतेच उभे होते. भला माणूस, पण बहिणीपुढे त्याचं काही चालत नसे.

इंद्रभान पुढे आला. त्याने मुद्दाम सदरा काढला होता. "हे पाह्य," तो आपल्या छातीवर थापटी मारून म्हणाला. "माहा फोटो काढला त मशीनची काच फुटन. बरगडी मालूमच पडनार नाई." थापटी जरा जोरात लागली असावी, कारण तो खोकायला लागला आणि बराच वेळ खोकला. सुई टोचायच्या दिवशी हा गडी कुठे होता हे कुणी विचारलं नाही. तो त्या दिवशी आणि तीन दिवसांनी, दोन्ही वेळा, नाल्यापलीकडच्या वावरात होता. पैलवान सुईला भितो हे गावाला ठाऊक होतं आणि गाव ते बोलून दाखवत नसे.

"मंग काढ," जगदेव म्हणाला. त्याला राग आला होता. "चाल अकोल्याले."

"कायले जाऊ? मले काय झालं?"

तेव्हा दाराच्या आडून पंचफुला बोलली. मोठ्याने बोलली, सगळ्यांना ऐकू जावं असं. "दादाचाबी काढून आना ना. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहू. मंग कोनाले बोलाले जागाच राहनार नाई."

जगदेवच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती त्याच्या बाजूने बोलली होती.

"हाव, जाय रे," चतुराबाई भाच्याला म्हणाली. "एकडाव दाखव यायले खरी छाती कशी राहते ते."

पन्नास माणसांसमोर इंद्रभानला नाही म्हणता आलं नाही. मशीनमध्ये सुई नसते, हे जगदेवने त्याला बाजूला घेऊन दोनदा सांगितलं.

मोटारीत दोघे शेजारी बसले. पातूरच्या घाटापर्यंत इंद्रभान बोलला नाही, मग बोलायला लागला तो थांबेना. खोकला काही नाही, सरकी काढायच्या जिनातल्या कापसाच्या बारक्या तंतूंचा आहे. मागच्या साली तिथे दोन महिने काम केलं होतं. शिवाय बिड्या. शिवाय तालमीतून आल्यावर घटाघट गार पाणी. वजन उतरलं ते मेहनतीने. संध्याकाळी अंग तापतं ते रक्त गरम असल्यामुळे.

"किती दिवस झाले?" जगदेवने विचारलं.

"दसऱ्यापासून असन."

जगदेवने मनात महिने मोजले. चार भरत होते. डॉक्टर पंधरा दिवस म्हणाले होते.

दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी नवा फोटो उजेडावर लावला. उजव्या बाजूला, वर, गळ्याच्या हाडाखाली, फुटलेल्या बोंडासारखा पांढरा झुबका होता. इंद्रभानने तो पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला.

"पाह्य," तो जगदेवला कोपराने ढोसून म्हणाला. "तुहा पुरा काळा होता. माह्यात पांढरं हाय."

जगदेवला इतके दिवस ज्याची वाट होती तो क्षण हाच. तो जिंकला होता. त्याने इंद्रभानचा सदरा उचलून त्याच्या हातात दिला.

डॉक्टरांनी बोलायचं काम केलं. थुंकी तपासली, दुसऱ्या दिवशी त्यात जंतू सापडले. आठवड्यातून दोनदा सुई, मालेगावच्या दवाखान्यात सोय होईल, रोज गोळ्या, दीड वर्ष. मध्ये बरं वाटलं तरी सोडायचं नाही. वेगळं निजायचं, झाकणाच्या डब्यात थुंकायचं, तालीम बंद, बिडी बंद. "दहा वर्षांपूर्वी आला असतास तर मी तुझ्या बापाला वेगळं काही सांगितलं असतं," ते म्हणाले. "आता औषध आहे. बरा होशील. कंटाळा केलास तर होणार नाहीस."

इंद्रभानने फक्त एक प्रश्न विचारला. "सुई हाताले देतात का..."

"कमरेखाली," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या मोटारीत पैलवान खांदे पाडून बसला होता. पातूरचा घाट लागला तेव्हा तो हळूच म्हणाला, "जगदेव. पांढरं काय अन् काळं काय, गावात कोनाले मालूम? पांढरं बरं, असंच त समजतात सारे. तू काही बोलू नोको. फोटो दाखवू, जिंकलो म्हनू. मंग मी आपला गुपचूप पाहीन दवाईचं."

"पाहशील?"

इंद्रभान समोरच्या बाकाच्या पत्र्यावर नख ओढत बसला.

"अन् माही सोयरीक?"

"ते त तशीबी होत नाई," इंद्रभान म्हणाला, आणि हे मात्र खरं होतं. जगदेव गप्प राहिला तर तो टीबीचा ठरून परत जाणार. बोलला तर पुंजाजींचं घर टीबीचं ठरणार, आणि त्या घरची मुलगी सोजरबाई उंबऱ्याच्या आत घेणार नाही. दोन्ही वाटा पंचफुलापासून दूर जात होत्या. एका वाटेवर इंद्रभान जगण्याची शक्यता होती, एवढाच फरक.

अंगणात आता पन्नासाऐवजी ऐंशी माणसं होती. दोन्ही फोटो दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे शेजारी टांगले गेले. लोकांनी पाहिलं, मान डोलावली.

"हे घ्या," चतुराबाई म्हणाली. "हा काळा, जळक्या वावरावानी. अन् हा आमचा. कसा कापूस फुटला छातीत."

"बरगड्या याच्याबी दिसून राह्यल्या," तो मागच्या वेळचा म्हातारा म्हणाला. 

"पातळ दिसून राह्यल्या," चतुराबाईने त्याला गप्प केलं. 

कुणी इंद्रभानच्या पाठीवर थाप मारली. त्याने हसायचा प्रयत्न केला. पंचफुला या वेळी दाराआड नव्हती, उंबऱ्याच्या बाहेर येऊन उभी होती. तिने फोटोंकडे पाहिलंही नाही. ती जगदेवला म्हणाली, "डाक्तर काय म्हने?"

अंगण शांत झालं, एवढ्या माणसांत मुलीने परक्या पोराला सरळ विचारलं म्हणून.

जगदेवने इंद्रभानकडे पाहिलं. "तूच सांग," तो म्हणाला. "नाई त मी सांगतो."

इंद्रभानने सदऱ्याची गुंडी लावली, काढली, परत लावली. "दीड वर्ष दवाई सांगतली," तो म्हणाला. "मले."

माणसं कशी गेली हे कुणी पाहिलं नाही. एकाला बैल सोडायचे आठवले, एकाला दूध. थोड्या वेळाने अंगणात घरचेच तेवढे उरले आणि जगदेव. चतुराबाई जात्याच्या पाळीवर बसली होती आणि पदराचं टोक तोंडात धरून होती. मग ती उठली, कोठीतून झाकणाचा डबा शोधून काढला, त्यात राख घातली आणि इंद्रभानच्या हातात दिला. "यात थुकजो," ती म्हणाली. "अन् बिड्या इकडं दे."

पुंजाजी जगदेवला वेशीपर्यंत पोचवायला गेले. वाटेत म्हणाले, "आता कोनत्या तोंडानं बोलू तुह्यासंग?"

"बोलू नोका मामा," जगदेव म्हणाला. "मायले इचारून पाह्यतो."

दुसऱ्या दिवसापासून मेडशीच्या विहिरीवर पुंजाजींच्या घरचा नंबर शेवटी गेला. तिथे ते चौघे आधीपासून होते. त्यांनी सरकून चतुराबाईच्या घागरीला जागा दिली.

किन्हीराजात जगदेवने आईला सगळं सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता, आठवड्यात कळलंच असतं. सोजरबाई भाकरी थापत होती. तिने थापता थापता ऐकलं.

"त्याचा खोकला कधीपासूनचा?"

"दसऱ्यापासून."

"घरातच निजते का?"

"नाई, वावरातल्या खोपीत. राखनीले."

"मंग भाकरी कोन नेते त्याची?"

"पंचफुला. रोज."

"रोज जाते, समोर बसते, उष्टं भांडं आनते?"

"हाव."

"अन् तरी तिचं शून्य?"

"शून्य."

सोजरबाईने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. "चार महिने टीबीच्या तोंडासमोर बसून जिचा हात उठला नाई," ती म्हणाली, "ते पोरगी साधी नाई. तुह्या बाविसपरस पक्की हाय ते."

जगदेवला हा हिशेब कुठेतरी चुकतो आहे हे कळत होतं. डॉक्टरांनी तो मान्य केला नसता. पण तो दुरुस्त करायची ही वेळ नव्हे, एवढं त्यालाही कळत होतं. "खरं हाय माय," तो म्हणाला.

साक्षगंध फाल्गुनात झालं. लग्न इंद्रभानची थुंकी साफ आल्यावर, असं दोन्हीकडून ठरलं.

तोवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सुई. शुक्रवारी मालेगावचा बाजार असे, त्यामुळे त्या दिवशी चतुराबाई आणि पंचफुला इंद्रभानला घेऊन येत. किन्हीराजाहून जगदेव सायकलीने येई. तिसऱ्या शुक्रवारी दवाखान्याच्या ओसरीवर पंचफुला पिशवी घेऊन बसली होती. आत चतुराबाईचा आवाज चालू होता. जगदेव थोडं अंतर सोडून बसला. एवढं अंतर की कुणी पाहिलं तर ओळखीचे दिसू नयेत, आणि बोललेलं ऐकू यावं.

"त्या दिवशी अंगनात तू माह्या बाजूनं बोलली," तो म्हणाला. हे वाक्य त्याने चार आठवडे तयार करून ठेवलं होतं. 

"कधी?"

"दादाचाबी फोटो काढा म्हनली ना."

पंचफुलाने पिशवीचे बंद सारखे केले. "ते त दादासाठी बोलली मी. दिवाळीच्या मांगं भाकरी घेऊन गेली, त तो थुकून वरतून पायानं माती लोटत होता. माती लाल झाली होती. आत्याले सांगतलं, ते म्हने पान खाल्लं असन. बाबाले सांगतलं, ते म्हने जवान पोरगा हाय. दवाखान्यात चाल म्हनलं की दादा वावरात पळे. मंग तुमी फोटो घेऊन आले. म्हनलं, हा कामाचा मानूस हाय, याच्यासंग पैजेवर त जाईन तो."

जगदेवने धोतरावरची सायकलीची धूळ झटकली. "म्हंजे माह्यासाठी नाई."

"तुमच्यासाठी कायले बोलू?" पंचफुला म्हणाली. "तुमाले काय झालं होतं?"

आत काही तरी धातूचं पडल्याचा आवाज झाला. कंपाउंडर म्हणाला की असं हललं तर सुई तुटेल. चतुराबाई म्हणाली की एकवीस वर्षांचा घोडा झाला, लाज वाटू दे. पंचफुला उठली, दारापर्यंत गेली, आत डोकावली आणि मागे वळली.

"आत्याच्यानं आवरत नाई तो," ती म्हणाली. "तुमी या ना जरा."

जगदेवने बाह्या वर सारल्या आणि तो तिच्यामागून आत गेला.